तीन कुलपं आणि एक तिरपा झरोका

१

सोमवारी सकाळी दहा वाजता हॅस्लिंग पार्वाच्या सेंट बोटॉल्फ चर्चमधली जुनी ओकची पेटी उघडली, आणि आत ते चित्र नव्हतं!

बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. लग्नांच्या आणि दफनांच्या जुन्या नोंदवह्या होत्या, चेपलेला चांदीचा पेला होता, आणि कोपऱ्यात ते वाळलेलं वटवाघूळही होतं. ते काढायचं कुणी, यावर कमिटीत नऊ वर्षं एकमत झालं नव्हतं. फक्त चित्राची लांबट पुठ्ठ्याची नळी रिकामी होती. हेस्टर पॉकलिंगने ती उलटी करून तीनदा हलवली. एक मेलेली माशी पडली, बस.

"नीट बघा," चर्चच्या धर्मगुरू, व्हिकर मॉरीन टेट म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नीटच बघतेय, व्हिकर. नळीत बघण्यासारखं असतं काय?"

"गुरुवारी येतोय तो माणूस," रूपर्ट थॅकवेल म्हणाला आणि त्याने टोपी काढून छातीशी धरली, जणू चर्चमध्ये कुणी गेलंच होतं.

तो माणूस म्हणजे डॉ. लायनेल गॅरड, बिशपच्या कार्यालयाने पाठवलेला जुन्या इमारतींचा जाणकार. प्रार्थनेला येणारी माणसं अकरा, मनोऱ्याला तडा, म्हणून सेंट बोटॉल्फला कायमचं टाळं लावायचं जवळजवळ ठरलंच होतं. आशा होती ती एकाच गोष्टीची. वेदीपुढच्या मोठ्या कमानीवर, चुन्याच्या जाड थराखाली, पाचशे वर्षांपूर्वीचं अंतिम न्यायाचं भित्तिचित्र दडलंय असं गाव मानत होतं. तिथे थडग्यांतून उठणारी माणसं होती, तराजू धरलेला देवदूत होता, कढया घेतलेले सैतान होते. १८६८ साली रेव्हरंड सेप्टिमस क्रेल यांनी आधी त्याची कागदावर नक्कल केली, मग असली भुतावळ नको म्हणून वर चुना फासला. ती नक्कल म्हणजेच हे हरवलेलं चित्र. ते दाखवलं तर चुना खरवडायची परवानगी मिळणार होती, आणि खाली खरंच काही निघालं तर चर्च बंद करायची कुणाची छाती झाली नसती.

आणि आता तेच गायब!

हेस्टरने पेटीच्या झाकणाकडे पाहिलं. पेटीला तीन कुलपं, तिघांकडे तीन किल्ल्या. एक व्हिकरची, दोन चर्चची देखभाल बघायला गावाने निवडलेल्या दोन वॉर्डनांच्या, म्हणजे हेस्टरची आणि रूपर्टची. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा नियम पेटीइतकाच जुना होता.

ती तिन्ही माणसं आत्ता इथेच उभी होती आणि एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होती.

२

"पोलिसांना बोलावू या का?" व्हिकरनी विचारलं.

"आणि सांगायचं काय?" रूपर्ट म्हणाला. "तीन कुलपांच्या पेटीतून चोरी झाली, किल्ल्या आमच्याकडेच होत्या, या आणि आम्हाला घेऊन जा?"

"मी बघते," हेस्टर म्हणाली.

कुणी हसलं नाही. हेस्टरने एकतीस वर्षं गावचं पोस्ट ऑफिस चालवलं होतं. पाकीट नुसतं हातात घेऊन आत लग्नाची पत्रिका आहे की वकिलाची नोटीस, हे ती सांगायची, आणि गावातल्या लोकांचं आतलंबाहेरचं तर तिला पाकिटाशिवायच कळायचं.

पण तिच्यासाठी हे नुसतं कोडं नव्हतं. दारापाशी भिंतीत एक पाटीचा दगड बसवलेला होता: 'विल्फ पॉकलिंग, सुतार. याने हे चर्च वाचवलं.' विल्फ म्हणजे हेस्टरचे बाबा. पन्नास वर्षांपूर्वीही हे चर्च बंद व्हायचं ठरलं होतं, तेव्हा पेटीच्या तळाशी बाबांनाच क्रेलसाहेबांचं चित्र सापडलं. बिशपचे लोक आले, माना डोलावल्या, आणि टाळं लावायचं राहून गेलं. चुना खरवडायचं मात्र पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. बाबा आता बाहेर दफनभूमीतल्या यूच्या झाडाखाली होते. चर्च विकलं गेलं की तो दगड कुणाच्या तरी न्हाणीघरात जाणार, या विचाराने हेस्टरला जेवण जात नव्हतं.

व्हिकर गेल्यावर तिने रूपर्टला बाकावर बसवलं. कमानीच्या उजव्या बाजूचा हा पॉकलिंगांचा बाक. इथून कमानीच्या जाड भिंतीतल्या तिरप्या झरोक्यातून थेट वेदी दिसायची. जुन्या काळी बाजूला बसणाऱ्यांनाही पुजारी दिसावा म्हणून केलेलं ते भोक.

"माझ्या आजोबांचं भोक," रूपर्ट सवयीने म्हणाला आणि त्यात बोट घातलं. "एकोणीसशे एकतीस साली त्यांची शिडी घसरली, प्लास्टर फुटलं आणि हे बाहेर आलं. चारशे वर्षं कुणाला पत्ता नव्हता!"

"हो, थॅकवेल घराण्याने या चर्चला दिलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक भोक. मला सांग, हे चर्च विकत घेऊन सुट्टीचं घर बांधणार आहेस, हे खरं का?"

रूपर्ट लालबुंद झाला. "कोण म्हणतं?"

"तुझी बायको. खाटकाकडे. पडद्यांच्या रंगासकट."

"अगं, ती बोलते! माझी आई, आजी, सगळे इथेच पुरलेत. मी त्यांच्या डोक्यावर गरम पाण्याचा टब बसवेन का?"

"मग किल्ली कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही! आणि माझी एकटी किल्ली काय कामाची? तुझी लागते, व्हिकरची लागते."

हेस्टरने मान वळवून पेटीकडे पाहिलं. कारण तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती तिने वीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती.

तिचं कुलूप मेलेलं होतं! आतला खिळा गंजून उघडाच अडकला होता, किल्ली नुसती गरागरा फिरायची. बाबांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "फिरव आणि चेहरा गंभीर ठेव." म्हणून ती दर वर्षी किल्ली फिरवायची आणि त्याच वेळी बोटातली अंगठी लोखंडी पट्टीवर हळूच आपटायची. खट्. किती झकास आवाज यायचा!

म्हणजे तीन नाहीत, दोनच किल्ल्या पुरेशा होत्या. व्हिकर आणि रूपर्ट. दोघांनी मिळून?

"रूपर्ट," ती म्हणाली, "माझं कुलूप चालत नाही."

रूपर्ट बाकावर तिच्याकडे सरकला. मग त्याच्या तोंडून जे आलं त्याने हेस्टर बाकावरून पडायचीच बाकी राहिली.

"काय सांगतेस?" तो कुजबुजला. "माझंही नाही!"

३

"म्हणून तू दर वेळी खोकतोस!" हेस्टर ओरडली. "मला वाटायचं तुझ्या छातीत काहीतरी आहे. तीन वर्षं तुला मध पाठवतेय मी!"

"मध छान होता," रूपर्ट ओशाळून म्हणाला. "वडिलांनी किल्ली दिली तेव्हापासून तसंच आहे. सांगणार कसं? तुम्ही दोघं इतक्या मन लावून कुलूप लावायचात. आपल्यामुळे चारशे वर्षांची रीत बुडाली असं कोण म्हणवून घेईल?"

आता राहिल्या व्हिकर. त्या मंगळवारी दुपारी रस्त्याच्या कडेला आपल्या गाडीत सापडल्या, एका गावचं दफन उरकून दुसऱ्या गावच्या दफनाला जाताना. मांडीवर सँडविच, मागच्या सीटवर सात चर्चच्या किल्ल्यांच्या सात जुडग्यांची पिशवी. हेस्टर शेजारी जाऊन बसली.

"व्हिकर, खरं सांगा. सात चर्च तुमच्या गळ्यात. एक कमी झालं तर बरंच वाटेल ना?"

व्हिकरनी घास गिळला. "रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि रोज रात्री त्याची माफी मागते. पण मी चोरी नाही केली, हेस्टर. केली असती तर निदान काहीतरी वेळेवर केल्याचं समाधान मिळालं असतं."

"तुमची किल्ली..."

"किल्लीचं एक बोलायचंच आहे." त्यांचे कान गुलाबी झाले. "मला वाटतं माझ्याकडे चुकीची आहे. फिरते, पण लागत काही नाही. नवीन होते तेव्हा विचारायची लाज वाटली. मग सहा वर्षं झाली. आता कसं विचारणार? म्हणून मी त्या वेळी मोठ्याने प्रार्थना म्हणते."

हेस्टरने कपाळ गाडीच्या काचेला टेकवलं.

तीन कुलपं, आणि एकही लागत नव्हतं! कुणास ठाऊक किती वर्षं, तीन शहाणीसुरती माणसं सभ्यपणापोटी एका उघड्या पेटीपुढे उभी राहून नाटक करत होती. म्हणजे झाकण कुणीही उचलू शकत होतं. फुलं मांडणाऱ्या बायका, घंटा वाजवणारे, मनोरा बघायला येणारे सायकलवाले, चर्चचं दार तर दिवसभर उघडंच. संशयित तीन होते ते एका घासात सगळं जग झाले. आणि गुरुवारला उरला होता एक दिवस!

"आता हो?" व्हिकरनी विचारलं.

हेस्टर गाडीतून उतरली ती कोडं होतं त्याहून मोठं घेऊन. पोस्टात एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

४

बुधवारी दुपारी ती चर्चमध्ये आली ती शोध लावायला नव्हे, नुसती बसायला. ऑर्गनवर मिस नोरा लबक रविवारच्या गीतांचा सराव करत होत्या. वय चौऱ्याऐंशी, बोटं अजून चिमणीसारखी. हेस्टरला पियानो त्यांनीच शिकवला होता, म्हणजे प्रयत्न केला होता.

शेवटच्या गीताची शेवटची ओळ आली, आणि सगळ्यात खालचा सूर वाजायच्या जागी नुसता फुस्स असा वारा आला.

"अजून मुकाच का तो, मिस लबक?"

"उंदीर शिरला असेल, पोरी," ऑर्गनमागून आवाज आला. "जुनी नळी आहे. माझ्यासारखीच."

हेस्टर प्रार्थनेसाठी वाकली. पायाशी तिची गुडघे टेकायची उशी होती. गावातल्या बायकांनी भरतकाम केलेल्या चाळीस उशा चर्चमध्ये होत्या, कुणावर मासा, कुणावर जहाज. पॉकलिंगांच्या बाकावरच्या उशीवर क्रेलसाहेबांचं चित्रच होतं, टाक्याटाक्याने उतरवलेलं. तराजूवाला देवदूत, कढया, खाली कमान. कोपऱ्यात भरणारीची अक्षरं: नो. ल. लहानपणापासून हेस्टर त्यावर गुडघे टेकत आली होती. नीट पाहिलं मात्र आज. चित्रच हाती नव्हतं, मग उशी तर उशी!

कमानीच्या उजव्या बाजूला काळ्या दोऱ्याचे सहा टाके होते. एक छोटं तिरपं भोक.

तिने वर पाहिलं. झरोका तिथेच होता, अगदी तसाच. परत उशीकडे पाहिलं.

मग तिने उशी उचलून झरोक्याशेजारी धरली.

चित्र १८६८ चं. झरोका तेव्हा प्लास्टरच्या मागे बुजलेला होता, चारशे वर्षं कुणाला पत्ता नव्हता. तो बाहेर आला एकतीस साली, रूपर्टच्या आजोबांच्या शिडीने. मग सेप्टिमस क्रेलसाहेबांना तो दिसला कसा?

दिसला नव्हता. क्रेलसाहेबांनी ते चित्र काढलंच नव्हतं! काढणाऱ्याने झरोका रोज पाहिला होता, याच बाकावर बसून. एकतीस साली तो पाच वर्षांचा असेल. झरोका नसलेली भिंत त्याला आठवणंच शक्य नव्हतं. त्याला आकृत्या काढता यायच्या, लाकडावर अक्षरं कोरता यायची, आणि चित्र 'सापडलं'ही त्यालाच.

हेस्टरला एकदम आठवलं. ती नऊ वर्षांची होती. बाबांच्या कामाच्या खोलीत दोन मोठे ट्रे, त्यात तपकिरी पाणी, आणि सगळीकडे चहाचा वास. तिचे बाबा जन्मभर चहा प्यायले नाहीत. त्यांना कोको लागायचा.

ऑर्गन थांबला होता.

हेस्टर उठली, ऑर्गनच्या मागे गेली. सगळ्यात मोठ्या लाकडी नळीचं तोंड गुडघ्याच्या उंचीवर होतं. तिने दोन बोटं आत घातली. उंदराला काही असे कडक, गुंडाळलेले, कागदी कान नसतात!

५

"चहाच्या चौदा किटल्या," मिस लबक म्हणाल्या. त्या बाकड्यावरून उठल्या नव्हत्या, वळल्याही नव्हत्या. "कागद जुना दिसावा म्हणून. पहिल्यांदा फारच गडद झाला. दुसऱ्यांदा फाटला. विल्फ म्हणाला, नोरा, देव बघतोय. मी म्हटलं, बघू दे, त्याचंच घर वाचवतोय आपण."

हेस्टरने नळीतून चित्र ओढून काढलं. "तुम्ही का घेतलंत?"

"त्या गॅरडचं पत्र व्हिकरने वाचून दाखवलं ना, रविवारी? कागद तपासणार, भिंग आणणार. मागच्या वेळचे लोक चहा पिऊन गेले होते. हा तसा नाही. विल्फ जाऊन दहा वर्षं झाली, त्याला काय फरक पडतो? पण तू दर रविवारी त्या दगडावरून हात फिरवून आत येतेस, हेस्टर. मी ऑर्गनवरच्या आरशातून बघते."

"पेटी उघडी असते, हे तुम्हाला..."

"विल्फनेच सांगितलं होतं. तो फार हसायचा त्यावर. अंगठीचा आवाज त्याचाच शोध."

हेस्टरला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्हीतलं एकही नीट बाहेर पडेना.

"भिंतीवर काहीच नाही मग?" तिने विचारलं. "चुन्याखाली?"

मिस लबक आता वळल्या. "कुणाला ठाऊक, पोरी? असेलही. अशा कमानींवर असायचंच बहुतेक. विल्फला खात्री होती. पुरावा नव्हता, म्हणून त्याने पुरावा केला."

६

गुरुवारी अकरा वाजता डॉ. गॅरड आले. हेस्टरला वाटलं होतं, कुणीतरी खडूस माणूस असेल, म्हणजे राग तरी धरता येईल. पण तो उंच, पडशाने बेजार, फार सभ्य माणूस निघाला. आल्या आल्या त्यांनी पाय पुसले आणि ते म्हणाले, "काय सुंदर जागा आहे हो!"

चित्र हेस्टरच्या पर्समध्ये होतं. तिने अजून ठरवलं नव्हतं. कदाचित याला कळणारही नाही. चित्र छान होतं, बाबांचा हात छान होता. एकदा फक्त चुना खरवडू देत. खाली काही निघालं तर कागदाचं कोण विचारतंय? तिने पर्सची चेन अर्धी उघडलीसुद्धा.

डॉ. गॅरड कमानीकडे गेले आणि थेट झरोक्यात डोळा लावला.

"हाच ना तो? एकतीस सालचा? दारातली माहितीपुस्तिका आत्ताच वाचली. चारशे वर्षं बुजलेला आणि एका शिडीने उघडला. वा!" त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. "बरं, आता क्रेलसाहेबांचं चित्र पाहू या का?"

रूपर्टने हेस्टरकडे पाहिलं. व्हिकरनी पाहिलं. ऑर्गनवरच्या आरशातून मिस लबकनी पाहिलं.

झरोका चित्रातही होता. दाखवलं तर चर्च जाणार, आणि बाबाही जाणार. नाही दाखवलं तर फक्त चर्च जाणार. पोस्टात निदान तिसरा मार्ग असायचा. पत्ता सापडला नाही की पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जायचं.

हेस्टरने चेन बंद केली.

"सापडलं नाही," ती म्हणाली.

डॉ. गॅरडना खरंच वाईट वाटलं. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला. "मला तर वाटतं, काहीतरी आहे इथे," ते म्हणाले. "पण माझ्या वाटण्यावर कुणी चुना खरवडू देत नाही. एक पुरावा असता, एक कागद जरी..."

"हो," हेस्टर म्हणाली. "एक कागद."

७

शेवटची प्रार्थना ऑक्टोबरमध्ये झाली. अकरा जणांच्या चर्चमध्ये त्या दिवशी दोनशे माणसं आली. ही माणसं इतके दिवस होती कुठे, असं रूपर्ट मोठ्याने म्हणाला आणि बायकोने त्याला कोपर मारलं.

त्याआधी पेटीतलं सामान बाहेर काढलं होतं. वह्या बिशपच्या माणसांच्या गाडीत गेल्या, पेला गेला. वटवाघूळ व्हिकरनी स्वतः रुमालात घेऊन यूच्या झाडाखाली पुरलं, ठरावाशिवाय. मग रिकाम्या पेटीचं झाकण पडलं आणि तिघं पुढे झाली. आता तिघांनाही सगळं ठाऊक होतं. तरी व्हिकरनी किल्ली फिरवताना प्रार्थना म्हटली, रूपर्ट दणदणीत खोकला, आणि हेस्टरने चेहरा गंभीर ठेवून अंगठी आपटली. बिशपच्या माणसाने तिन्ही किल्ल्या पाकिटात घालून मोहोर लावली.

दारातला दगड भिंतीत इतका पक्का बसला होता की काढताना फुटेल, असं गवंडी म्हणाला. म्हणून तो तिथेच राहणार होता. 'याने हे चर्च वाचवलं.' हेस्टर आत येताना त्यावरून हात फिरवायला विसरली नाही.

मिस लबकनी शेवटचं गीत सुरू केलं. दोनशे गळे, मनोऱ्याचा तडा थरथरेल असा आवाज. शेवटची ओळ आली, आणि सगळ्यात खालच्या सुराच्या जागी नुसता फुस्स असा वारा आला.

"उंदीर," शेजारच्या बाकावरचं कुणीतरी हळूच म्हणालं.

हेस्टरने आरशात पाहिलं. आरशातून दोन म्हातारे डोळे तिच्याकडेच बघत होते. चित्राची गुंडाळी हेस्टरनेच परत त्या नळीत सरकवली होती. आणखी कुठे ठेवणार होती ती? घरी नेऊन काय करणार होती?

तिचा गळा काही चांगला नव्हता, बाबांचाही नव्हता. पण त्या रिकाम्या जागी जो सूर हवा होता तो तिने पोटातून काढला, खालचा, बेसूर, आणि ओळ संपेपर्यंत धरून ठेवला.